दहापैकी दोन

अलीगंज, लखनऊ
११ नोव्हेंबर २०२४

ती. माणिकताई,

नमस्कार. परवा फोनवर मी तीनदा ओरडले आणि तुम्ही तीनदा "काय? वांगी?" म्हणालात, तेव्हा ठरवलं की आता पत्रच लिहायचं. शिवाय यांच्या उशाशी बसून यांच्याच आजाराबद्दल ओरडणं बरं दिसत नाही.

यांना मागच्या मंगळवारी 'सोबत'मध्ये आणलं. हे हॉस्पिटल नाही. छावणीच्या बाजूला एक जुना बंगला आहे, बारा खाटा, मागे लिंबाची झाडं. बरं करायला इथे कोणी कुणाला आणत नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पोचला आहे आणि केमो तुमच्या भावानेच नको म्हटली. इथल्या डॉक्टर निगहत रिज़वी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाभीजी, दिन बढ़ाना हमारे बस का नहीं. जो दिन हैं उनमें दर्द न रहे, बस इतना हमारा ज़िम्मा." मला त्या बाई आवडल्या. खोटं बोलत नाहीत.

दर चार तासांनी मॉर्फिन देतात. रोज सकाळी डॉक्टर विचारतात, एक से दस में आज दर्द कितना? हे दोन बोटं दाखवतात. रोज दोनच. विपुल शनिवार-रविवार गुडगावहून येतो, "पापा, कैसा लग रहा है?" विचारतो, त्यालाही "ठीक है बेटा." रेल्वेत चौतीस वर्षं पूल तपासले, तसाच हिशेबी माणूस.

आता एक गंमत सांगते. इथे दिवसा सेवेला जी बाई आहे ती आपल्याकडची निघाली. बेबी तायडे. विकास नगरला राहते, माहेर दर्यापूरजवळचं. पन्नाशीची असेल. पहिल्या दिवशी हिने यांचा पत्ता-बित्ता विचारला आणि "अंजनगावचे काय तुमी? बाप्पा!" म्हणाली. त्या क्षणापासून तुमचे बंधू माझे राहिले नाहीत. "बेबी, मले पानी दे." "बेबी, खिडकी लोट." मी शेजारी भांडं घेऊन उभी असते. माझ्या हातचं दोन चमचे वरण जात नाही, तिच्या हातचं जातं. मी बाहेरून आले की आतून हसण्याचा आवाज येतो आणि मी दारात पोचले की थांबतो. ती यांना भाऊ म्हणते, मला मॅडम.

मला त्याचं काही वाटत नाही. आजारी माणसाला जे सुखाचं, ते आपल्याला. फक्त नवल वाटतं. अडतीस वर्षांत माझ्याशी हे कधी असं बोलले नाहीत. मला वाटायचं, यांना ती भाषा येतच नाही आता.

तुमच्या गुडघ्यांना जपा.

तुमची,
लतिका


अंजनगाव
१९ नोव्हेंबर

प्रिय लतिका,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून. नरहरला दुखत नाही हे वाचून जीव भांड्यात पडला.

बेबीबद्दल वाचून मात्र मला हसू आलं. देवानेच पाठवली म्हण. तू लिहितेस, त्याला ती भाषा येत नाही असं तुला वाटायचं. अगं, दरवर्षी दिवाळीनंतर तो चार दिवस एकटा इथे यायचा, तेव्हा काय बोलायचा असं तुला वाटतं? ओसरीवर बसला की पहिला तास जरा अडखळायचा, मग सुरू. शेजारच्या बाया ऐकायला यायच्या.

तुला आठवत नसेल, मला आठवतं. तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तुम्ही दोघं आलात. जेवताना तो म्हणाला, "मला थोडी भाजी वाढ, ताई." आई वाढता वाढता थांबली. "मला" म्हणाला ना तो. नंतर विहिरीवर मी विचारलं, हे काय रे? म्हणाला, तिकडच्या महाराष्ट्र समाजाच्या कार्यक्रमात चारचौघांत तोंडून "मले" गेलं, तर लतिका दोन दिवस बोलली नाही. मी पुण्याच्या मुलीला दोष देत नाही. तू त्याचं घर नीट केलंस. पण आता शेवटी त्याला कुणी "मले"ला "तुले" म्हणणारं मिळालं, तर मिळू दे.

तू धीराची आहेस, हे तो नेहमी सांगायचा. जुलैत पहिला रिपोर्ट आला तेव्हाच्या पत्रातही त्याने तेच लिहिलं होतं, की लतिका सगळं निभावेल. तेव्हापासून मी रोज त्याच्यासाठी दिवा लावते.

मला येता आलं असतं तर आले असते. हा गुडघा दारापर्यंतही नेत नाही.

आशीर्वाद,
माणिक


लखनऊ
२६ नोव्हेंबर

माणिकताई,

जुलै?

मला यांनी चौदा सप्टेंबरला सांगितलं. मी कॅलेंडरवर खूण केलेली आहे. जुलैत आम्ही हज़रतगंजला जाऊन नवा सोफा बघत होतो. हे सोफ्यावर बसून बघत होते, स्प्रिंग दाबून बघत होते. ऑगस्टमध्ये मी यांना गोड कमी खा म्हणून रागावत होते. आणि तुम्ही अंजनगावला दिवा लावत होतात.

दोन महिने. तुम्हाला माहीत होतं, मला नव्हतं.

मी यांना काही विचारलं नाही. आता काय विचारायचं? पण काल मेट्रन हेमा सिस्टरना भेटले आणि बेबीला आमच्या खोलीतून हलवायला सांगितलं. कारण विचारलं तर म्हटलं, थोडी शांतता हवी. आता रेशमा नावाची मुलगी येते. नीटनेटकी आहे, कमी बोलते. यांनीही काही तक्रार केली नाही. उद्यापासून मी दिवसभर तिथेच राहणार आहे. यांना माझ्या हातून जेवायला लागेल.

ते जुलैचं पत्र मला पाठवा. मला वाचायचं आहे.

लतिका


अंजनगाव
३ डिसेंबर

लतिका,

चूक माझी झाली. मला वाटलं, एव्हाना त्याने तुला सांगितलं असेल की मला आधी लिहिलं होतं. पण खोटं कशाला सांगू, लिहिताना मनात एक बारीकसा काटा होता. तो तुला टोचावा असं वाटलं होतं. टोचला. आता मला झोप येत नाही.

अडतीस वर्षं तो तुझा होता. माझ्या वाट्याला वर्षाचे चार दिवस आणि एक पत्र. ते पत्र मी पाठवणार नाही. रागाव हवं तर. ते माझं आहे.

पण बेबीला काढलंस हे बरं केलं नाहीस. तुझा राग माझ्यावर होता, त्या बाईवर निघाला. आणि नरहर तक्रार करत नाही म्हणतेस, तर एक ऐक. लहानपणी विळा पायात घुसला होता त्याच्या. बाबा ओरडतील म्हणून संध्याकाळपर्यंत चिंधी बांधून फिरला. आईला कळलं ते चपलेत रक्त दिसलं म्हणून. तक्रार न करणं म्हणजे बरं असणं नव्हे, त्याच्या बाबतीत तर नव्हेच.

माणिक


लखनऊ
१८ डिसेंबर

ती. माणिकताई,

तुमचं पत्र नऊ तारखेला मिळालं, पण ते यायच्या आधीच मला कळलं होतं. उत्तराला उशीर झाला कारण लिहायची लाज वाटत होती.

रेशमा आल्यावर पहिले तीन-चार दिवस मी खूश होते. हे माझ्या हातचं दूध घ्यायचे, दोन घोट. आवाज नाही, हसणं नाही. मला वाटलं, आता हे माझ्याकडे आले. रोज सकाळी दोन बोटं. पाचव्या दिवशी डॉक्टर रिज़वी बराच वेळ खाटेपाशी उभ्या राहिल्या. यांनी चादर मुठीत धरली होती. नखं पांढरी पडली होती, माणिकताई. मी पाच दिवस तिथेच बसले होते आणि मला दिसलं नव्हतं.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "भाभीजी, नरहर जी आपके सामने हमेशा दो कहते हैं. बेबी की डायरी में सात लिखा रहता था, कभी आठ. हम उसी से दवा तय करते थे. पाँच दिन से डायरी में भी दो है." नंतर त्यांनी डोस वाढवला, पण म्हणाल्या की गेलेले पाच दिवस परत घेता येत नाहीत. रागावून नाही म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी ऑटो करून मी विकास नगरला गेले. बेबीची सुट्टी होती. दार तिच्या नवऱ्याने, दयारामजींनी उघडलं. टेलिफोन खात्यात होते, आता रिटायर आहेत. मला बसवून ते चहा टाकायला आत गेले. बेबी मेथी निवडत होती. उठली नाही. म्हणाली, "मॅडम, माझं काय चुकलं तेवढं सांगा. मेट्रननं सांगितलं नाही. लोक कधी कधी आडनाव ऐकून बदली करतात, कधी हात लागला म्हणून. तसं असेल तर तसं सांगा. मले सवय आहे."

मी घाबरले. म्हटलं, "नाही नाही, तसं नाही."

"मग कसं?"

ताई, खरं कारण सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दुसरं काहीही सांगितलं असतं तरी तिला तेच वाटलं असतं. मी म्हटलं, "मला तुमचा हेवा वाटला. हे तुमच्याशी हसतात. माझ्याशी हसत नाहीत."

तिने मग मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"हसतात ते दिवसातून एकदा, मॅडम. बाकी वेळ भाऊ माझ्याजवळ कण्हतात. तुमी बाहीर गेल्या की उशी दातात धरतात. शिव्या देतात, देवालेबी अन् मलेबी. तुमच्या पायाचा आवाज आला की म्हणतात, बेबी, तोंड पूस, शर्टाची बटनं लाव, लतिका आली. मी म्हटलं त्याहिले, बायको हाय, तिच्याजवळ कण्हाले काय लाज? तर म्हणतात, तिनं मले कधी असं पाह्यलं नाही. आता काय पाहाले लावतो तिले."

दयारामजी चहा घेऊन आले. मी कप तसाच खाली ठेवला.

मी काय समजत होते? मला वाटत होतं, तिला यांच्यातलं काहीतरी चांगलं मिळतंय आणि मला उरलंसुरलं. तिला यांचं दुखणं मिळत होतं. मला बटणं लावलेला शर्ट. आणि खरं लिहू? हे कळल्यावर हेवा गेला नाही. वाढला. मला ते दुखणंच हवं होतं.

बेबी दुसऱ्या दिवसापासून परत आली. मी तिला म्हटलं, मला सगळं शिकवा. आता मला कूस बदलता येते, चादर न ओढता. ओल्या गॉजने तोंड आतून पुसता येतं. जेवायचा आग्रह मी सोडला. डॉक्टर म्हणतात, ये खाना नहीं छोड़ रहे, शरीर को अब चाहिए ही नहीं. पण मी आत असले की हे अजून दात आवळून पडतात. म्हणून दिवसातून दोनदा मी मुद्दाम मोठ्याने "मी जरा जाऊन येते" म्हणते आणि लिंबाखाली जाऊन बसते. तिथे ऐकू येतं. तेवढा वेळ मी त्यांना देते.

तुमचं पत्र तुमच्याकडेच राहू द्या.

लतिका


अंजनगाव
२४ डिसेंबर

लतिका,

तुझं पत्र वाचून मी देवघरात जाऊन बसले. तुला काय लिहावं ते कळेना. म्हणून नरहरलाच लिहिते आहे. सोबत वेगळी चिठ्ठी जोडली आहे, आपल्या बोलीत. शाळेत बत्तीस वर्षं पोरांच्या वह्यांतली हीच बोली मी लाल शाईने खोडली, आता स्वतः लिहिते आहे. त्यात फार काही नाही. पोहायची विहीर, आईच्या हातची भाकर, पानपिंपरीचा मळा. ती बेबीला वाचायला दे. तुला ते वाचणं जमायचं नाही, आणि चुकीचं वाचलेलं त्याला आवडणार नाही.

माणिक


लखनऊ
१७ जानेवारी २०२५

ती. माणिकताई,

विपुलने तारेसारखा दोन ओळींचा मेसेज तुमच्या शेजाऱ्यांना पाठवला होता, तो तुम्हाला त्याच दिवशी वाचून दाखवला असं कळलं. बाकीचं मी लिहीन म्हणाले होते. लिहिते.

तुमची चिठ्ठी मी बेबीला दिली नाही. स्वतः वाचली. तुम्ही म्हणालात तशीच, चुकत. मी "डोळे" वाचलं तर खाटेवरून बारीक आवाज आला, "डोये." बेबी कोपऱ्यात तोंड दाबून हसली. मी पुन्हा वाचलं, डोये. विहिरीऐवजी हीर. हे डोळे मिटून ऐकत होते. मग तीन दिवस रोज वाचायला सांगायचे. म्हणजे तोंडाने नाही, चिठ्ठीकडे बोट करायचे. मी बेबीकडून उच्चार घोकून घ्यायचे. तुम्ही शाळेत कशा शिकवत असाल ते तेव्हा कळलं.

सहा तारखेला सोमवार होता. सकाळपासून कोहरा, समोरचं झाडही दिसत नव्हतं. डॉक्टर रिज़वी बघून गेल्या आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आज पास ही रहिएगा." श्वास थांबून थांबून येत होता. विपुल ट्रेनमध्ये होता, गाडी इटाव्याला अडकलेली.

दुपारी दोनच्या सुमाराला मी बेबीला म्हटलं, तुम्ही जेवून या. ती म्हणाली, "वयनी, आता जाऊ नये असं वाटते." पहिल्यांदाच वयनी म्हणाली. तरी मी म्हटलं, जा. ती गेली नाही तर मी पुन्हा म्हटलं, जरा जोराने. मला ते शेवटचं माझ्या एकटीसाठी हवं होतं. तुम्हाला हे सांगायला मला भीती वाटत नाही. तुम्हाला कळेल.

दार लागलं. मी यांचा हात हातात घेतला. हात थंड होता. बऱ्याच वेळाने ओठ हलले. मला वाटलं, माझं नाव येणार.

"बेबी," हे म्हणाले. "बेबी, कुठी गेली वं?"

डोळे मिटलेले होते. मी आहे, लतिका, हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. तेवढ्यात मला यांचा जबडा दिसला. आवळलेला. गळ्याच्या शिरा वर आलेल्या. आत काहीतरी दाबून धरलेलं होतं आणि ते लतिकासमोर बाहेर येणार नव्हतं.

मी म्हणाले, "अठीच हाय मी, भाऊ."

नवऱ्याला भाऊ म्हणाले, ताई.

"लतिका गेली काय?"

"गेली."

मग ते कण्हले. असं जवळून मी त्यांना अडतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. खोलवरून, लांब. दोनदा, तीनदा. मी बेबीने शिकवल्याप्रमाणे पाठीखाली हात घालून थोडं वर घेतलं. माझ्या मानेत तोंड खुपसून म्हणाले, "मले लय भेव लागून राह्यलं वं. तिले नोको सांगू."

"नाई सांगत," मी म्हटलं.

"नोको सांगू."

"नाई सांगत, भाऊ. मी हावो ना."

जबडा सुटला. हात सैल झाला. मी तशीच धरून बसले. त्यानंतर हे काही बोलले नाहीत. तीन वाजून दहा मिनिटांनी एक श्वास गेला आणि पुढचा आला नाही. मी बराच वेळ त्याची वाट पाहिली.

तुम्ही लिहाल की त्याने तुझा आवाज ओळखला असेल, बायकोचा आवाज कोण विसरतं, त्याला माहीत असूनच तो तुला सांगत होता. रात्रंदिवस मी स्वतःला तेच सांगून पाहिलं आहे. तुम्ही ते लिहू नका. ओळखला असेल तरी मला सहन होत नाही, आणि नसेल ओळखला तरी.

बेबी आली तेव्हा मी अजून त्यांना धरून होते. तिने माझी बोटं एकेक करून सोडवली, यांना खाली निजवलं, डोळ्यांवरून हात फिरवला. आम्ही दोघींनी मिळून अंग पुसलं. कोमट पाणी तिनेच आणलं. पायांकडून सुरुवात करायची, ती म्हणाली. मी तसं केलं. तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं आणि ती ते खांद्याला पुसत होती. माझ्या डोळ्यांत काही नव्हतं.

नवी चादर घालताना तिने विचारलं, "वयनी, काही बोलले काय भाऊ?"

दोन महिने तिने यांना सांभाळलं. पाच दिवस माझ्यामुळे तिला दूर राहावं लागलं. शेवटची हाक तिलाच होती. हे सगळं मला त्या क्षणी ठाऊक होतं.

"नाही," मी म्हटलं. "झोपेतच गेले."

तिने मान हलवली आणि चादरीची कड गादीखाली खोचली.

तुमची,
लतिका